कोपर माझं होतं

माझा उजवा हात तोंडापर्यंत पोचत नव्हता, तेव्हा मला सगळ्यात जास्त राग यायचा तो वरणभाताचा. पोळी डाव्या हातानं कशीबशी तोडता येते, भाजी चमच्यानं खाता येते. पण पंगतीत डाव्या हातानं भात कालवणारी बाई सगळ्यांना दिसते, आणि शेजारची कुणीतरी हमखास विचारते, "काऊन मॅडम, डाव्या हातानं?" आधी मी सांगायची. पडले, कोपर निखळलं, मग आखडलं. त्यावर ती म्हणायची, "अवो, मग मालिश नाई केली का?" या प्रश्नानंतर मी ताट बाजूला सारायची.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. राहते वर्ध्याला, नालवाडीत. नवरा एका कार्यालयात नोकरीला आहे, मुलगा पुण्यात असतो, आणि घरात आम्ही दोघंच. मी पडले ती शाळेतच. आमच्या व्हरांड्यात गार पाण्याची एक मशीन आहे. तिच्या खालून सतत पाणी गळायचं आणि गुळगुळीत फरशीवर पसरायचं. मी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. "बघू मॅडम," ते म्हणाले होते. पुन्हा सांगितलं तेव्हाही "बघू"च म्हणाले. मग पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी माझाच पाय त्या पाण्यावरून सरकला. मी मागे पडले आणि पडताना उजवा हात टेकवला. सगळं वजन त्या एका तळव्यावर आलं. कोपरातून असा आवाज आला की शेजारच्या वर्गातलं पाठांतर थांबलं.

मी हाताकडे पाहिलं. कोपराच्या मागे एक टोक वर आलं होतं, जिथे याआधी कधी काही नव्हतं. हात माझाच होता, पण त्याचा आकार दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. मुख्याध्यापक धावत आले आणि शिपायाला ओरडले, "पोतं टाक रे इथं!" पोतं त्या पाण्यावर पडलं. एवढ्या दिवसांत पडलं नव्हतं, ते तेव्हा पडलं.

एका सहकाऱ्यानं त्याच्या गाडीतून मला वर्ध्याला आणलं, एका हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. नवरा ऑफिसमधून थेट तिथे आला. एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं, सांधा निखळला होता. मला गुंगीचं इंजेक्शन दिलं, हात ओढून सांधा जागेवर बसवला आणि दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टर घातलं. मी शुद्धीवर आले तेव्हा नवरा माझी पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसला होता. त्या वेळी मला त्याची दया आली होती. इतकं घाबरलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

काही आठवड्यांनी प्लास्टर काढायला गेलो. आतल्या खोलीत एका मदतनिसानं करवतीनं ते कापलं. बाहेर डॉक्टरांचा आवाज येत होता, नवऱ्याचाही येत होता, पण करवतीच्या घरघरीत मला शब्द कळले नाहीत. मी बाहेर आले तोवर डॉक्टर ऑपरेशनला निघून गेले होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बरोबर बसलं म्हनते. आता हळूहळू सुरू होईन हात," नवरा म्हणाला.

"आनखी?"

"आनखी काय? गोळ्या आहेत. चाल, पाऊस येऊन राह्यला."

हात काटकोनात अडकल्यासारखा झाला होता. सरळ होईना आणि वाकेनाही. प्लास्टरनंतर असं होतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी घाबरले. आणि दोनच दिवसांत माझी नणंद आली. ती नाचणगावला असते, नवऱ्याहून मोठी. लहानपणी आई आजारी असताना तिनंच त्याला सांभाळलं, म्हणून तिचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा असतो. तिनं माझा हात धरून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"हे डॉक्टरचं काम नाई," ती म्हणाली. "आमच्याकडं, गावाच्या पुढं, एक बुवा आहेत. हाडाचे, शिरांचे, सगळे लोक येतेत त्यांच्याकडं. मालिश केली का लोन्यावानी सुटते."

"डॉक्टरांना विचारू की," मी म्हटलं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. आज तो क्षण आठवला की माझे दात आवळले जातात. त्याला माहीत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई म्हनते त जाऊन तर पाहू. पाहाले काय जाते?"

दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. बुवांच्या अंगणात एक बाज होती, तिच्यावर मला बसवायचे. बुवा वयस्कर होते, बोलायला गोड. उग्र वासाचं काळपट तेल गरम करून ते कोपरावर चोळायचे. तिथपर्यंत बरं वाटायचं. मग एका हातानं माझा दंड पकडायचे, दुसऱ्या हातानं मनगट, आणि जोर लावून हात सरळ करायचे. सरळ झाला नाही की पुन्हा, आणखी जोरानं. नणंद मागून माझे खांदे धरायची. नवरा समोर उभा राहायचा.

"थांबा! थांबवा यांना!" मी ओरडायची.

"दुखते म्हनजे सुटून राह्यलं मॅडम," बुवा म्हणायचे. "नाई दुखलं त समजा, हात गेला."

"थोडं सहन कर ना वं," नवरा म्हणायचा.

आणि नणंद माझ्या कानाशी हसून म्हणायची, "बाळंतपन नाई काढलं का तू? हे त काईच नाई."

एकदा मी बाजेवरच बेशुद्ध पडले. तोंडावर पाणी मारून त्यांनी मला उठवलं आणि उरलेली मालिश पूर्ण केली. मी हे चवीसाठी वाढवून सांगत नाही. खरंच पूर्ण केली.

दिवाळी येईपर्यंत कोपर सुजून कायम गरम राहू लागलं. पुढच्या बाजूला, जिथे हात दुमडतो तिथे, आत काहीतरी टणक लागायला लागलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आणि हात? तो आधी थोडा तरी वाकायचा, आता तेवढाही वाकेना. बुवांनी ती टणक जागा अंगठ्यानं दाबून पाहिली. "गाठ आहे. मोडून टाकू," ते म्हणाले.

त्या रविवारी मी बाजेवरून उठले. डाव्या हातानं पदर खोचला आणि नवऱ्याला म्हटलं, "मी उद्या डॉक्टरकडं जाऊन राह्यली. तुमाले यायचं त या, नाई त राहा."

तो आला.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला. कोपराच्या पुढे, जिथे फक्त मांस असायला हवं, तिथे पांढुरका ढग दिसत होता. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "मालिश केली का?"

"हो."

"ओढून? जोर लावून?"

"हो."

"मग हे होणारच. कोपराच्या आजूबाजूच्या स्नायूंना असं पिळलं की आत रक्तस्राव होतो आणि त्या जागी हाड तयार होतं. नको तिथे हाड. म्हणून तर मी तुम्हाला बजावलं होतं की मालिश अजिबात करायची नाही. स्वतःचा हात स्वतः, हळूहळू, दुखणार नाही इतकाच हलवायचा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "मला?" मी म्हटलं. "मला कुणी बजावलं?"

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "यांना सांगितलं होतं ना, प्लास्टर काढलं त्या दिवशी. अगदी स्पष्ट."

खोलीतला पंखा फिरत होता. नवरा जमिनीकडे पाहत होता. मी शाळेत प्रमाण मराठी शिकवते, डॉक्टरांशी नेहमी तीच बोलते. राग आला की मात्र ती माझ्या तोंडातून निघून जाते.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "कोपर कोनाचं होतं?"

"म्हणजे?"

"कोपर माझं होतं का ह्यांचं? मी लहान पोरगी आहे का? मी रोज पन्नास पोरांले शिकवतो. तुमी मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही आत होत्या," डॉक्टर म्हणाले.

"आत कुठं? त्या दारामागं? किती दूर आहे ते दार?"

ते दार आम्हाला दोघांनाही दिसत होतं. मधे एक वजनकाटा आणि एक कचऱ्याचा डबा होता, एवढंच. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांधा नीट बसवला होता आणि सल्लाही बरोबर दिला होता. फक्त तो चुकीच्या माणसाला दिला होता, कारण बाईबरोबर आलेल्या पुरुषाला सांगितलं की बाईला सांगितल्यासारखंच होतं, असं त्यांना वाटत होतं. त्यांना आयुष्यभर तसंच वाटत आलं असणार, आणि त्या दिवसापर्यंत कुणी त्यांना हटकलं नसणार. ते म्हणाले, "सॉरी मॅडम, माझं चुकलं." मी ते ऐकून घेतलं. त्या माफीनं हात वाकला नाही.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "डॉक्टर लोक सगळ्यायलेच तसं म्हनते. मले वाटलं, ताईचा अनुभव आहे..."

"तुमाले माहीत होतं," मी म्हटलं. "मी तिथं ओरडून राह्यली होती, आनि तुमाले माहीत होतं."

तो गाडी चालवत राहिला. आर्वी नाक्याजवळ एका म्हशीसाठी थांबावं लागलं. ती हलेपर्यंत आम्ही दोघं तिच्याकडे पाहत होतो. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि डाव्या हातानं तेलाची बाटली उचलून मोरीत ओतली. अख्खी. ते तेल बुवांचं नव्हतं, साधं शेंगदाण्याचं होतं. पण ओतली.

डॉक्टरांनी दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनकडे पाठवलं. तिथे सांगण्यात आलं की हे नको असलेलं हाड पूर्ण पिकेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. कच्चं असताना काढलं तर पुन्हा वाढतं. म्हणजे जवळपास वर्षभर थांबायचं, मग ऑपरेशन. तोवर व्यायाम. व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी होती, माझ्या मुलाच्या वयाची. तिनं पहिल्याच दिवशी प्लास्टिकचा सांगाडा माझ्यापुढे ठेवला आणि सगळं मला समजावलं. दंडाचं हाड एक, पुढच्या हाताची दोन. त्यांतल्या एका हाडाच्या टोकाला पान्ह्यासारखा आकडा असतो, तो दंडाच्या हाडाला धरून पुढेमागे फिरतो. दुसरं हाड स्वतःभोवती फिरतं, म्हणून आपण तळहात वर-खाली करू शकतो. मागून एक नस जाते. तिला धक्का बसला की झिणझिण्या येतात, आणि माझी बधिर बोटं तिच्यामुळेच होती.

"कोपर फार मनावर घेतं मॅडम," ती म्हणाली. "खांद्यावर, गुडघ्यावर थोडी जबरदस्ती चालून जाते. याच्यावर केली की हे जागच्या जागी आखडतं. जेवढं तुम्ही स्वतः कराल तेवढंच खरं."

मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही. इतकं साधं होतं ते, आणि इतक्या वेळात मला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं.

ते वर्ष कसं गेलं, ते सांगते. उजव्या हातानं फळ्यावर लिहिता येत होतं, कारण त्याला खांदा पुरतो. पण तोंड धुता येत नव्हतं. कानात काही घालता येत नव्हतं. मोबाईल डाव्या कानालाच. ब्लाऊजची हुकं लावायला शेजारीण यायची. नवरा म्हणाला होता, "मी लावून देतो." मी त्याला हात लावू दिला नाही. वेणी घालता येत नव्हती, म्हणून एक दिवस शाळेतून येताना पार्लरमध्ये गेले आणि मानेपर्यंत केस कापून घेतले. कंबरेपर्यंतचे केस होते माझे. नणंदेनं पाहिलं आणि डोक्यावर हात मारला.

"अवं, हे काय करून ठेवलं? विचारलं तरी होतं का कोनाले?"

"कोनाले विचारायचं होतं ताई?" मी म्हटलं. "केसही माझे नाई का?"

ती चहा न पिता गेली. नवऱ्यानं तो चहा परत पातेल्यात ओतला.

होळी झाली आणि ऊन तापायला लागलं. शाळेत परीक्षा चालू होत्या. एका रविवारी सकाळी भांडी आवरताना उजव्या हातातून कप निसटला आणि फुटला. बधिर बोटांना तो धरलाय हेच कळलं नव्हतं. तुकडे गोळा करता करता माझ्या डोक्यात काहीतरी चढलं. मी साडी बदलली आणि नवऱ्याला न सांगता पुलगावच्या बसमध्ये बसले. तिथून ऑटो केला, नाचणगाव ओलांडून बुवांच्या गावात. मला त्यांना सांगायचं होतं की तुम्ही माझ्या हाताचं काय केलंत ते पाहा. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. कशी बोलेन, कुठे आवाज चढवेन, सगळं.

अंगणात बाजेवर एक लहान मुलगी होती, पहिली-दुसरीतली. तिची आई तिला मांडीत घेऊन बसली होती. जवळच्या एका वीटभट्टीवर काम करणारी बाई होती ती, पायांना लाल माती तशीच. मुलगी आदल्या दिवशी झाडावरून पडली होती. बुवांनी तिच्या कोपराला बांबूच्या कामट्या लावून कापडाच्या पट्टीनं आवळून बांधलं होतं आणि आज दाखवायला बोलावलं होतं. मुलगी रडून रडून थकली होती. आता ती फक्त कण्हत होती.

माझी जुळवलेली वाक्यं गळून पडली. मी मुलीच्या बोटांकडे पाहत होते. ती सुजून फिकट, निळसर झाली होती. मी माझ्या डाव्या हातानं ती धरली. थंड होती. अंगणात ऊन भाजत होतं आणि त्या पोरीची बोटं थंड होती. मी तिचं एक बोट अगदी हलकं सरळ केलं, तर ती किंचाळली.

"सोडा हे," मी बुवांना म्हटलं. "आत्ता सोडा."

"मॅडम, तुमी?" बुवांनी मला ओळखलं. "अवो, नवीन मोड आहे. सोडलं त हाड हलन."

"बोटं गार पडलीत तिची! रक्त जाऊन नाई राह्यलं हातात. सोडा!"

"दुखनारच ना. दुखते म्हनजे..."

पुढचं मी त्यांना बोलू दिलं नाही. अशी किंचाळले की शेजारची माणसं कुंपणाशी जमली. मी माझा अडकलेला हात सगळ्यांसमोर धरला आणि म्हटलं, पाहा, हे यांनी केलं, याच बाजेवर. बुवांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्याचाही मला राग आला. न कळणाऱ्या माणसानं इतक्या खात्रीनं बोलायचं कशाला?

पट्टीची गाठ मला एका हातानं सुटेना. मी आईला म्हटलं, "तुमी सोडा." ती बुवांकडे पाहू लागली. "त्यांच्याकडं नका पाहू. पोरगी तुमची आहे." तिनं दातांनी गाठ ओढली. पट्टी सैल झाली. कामट्या तशाच आधाराला ठेवून मी उन्हासाठी डोक्याला बांधलेल्या माझ्या स्कार्फमध्ये तो हात अलगद ठेवायला लावला आणि आम्ही ऑटोत बसलो.

वाटेत त्या बाईला नवऱ्याचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. कोणाला विचारून नेलं, कोण आहे ती बाई, बुवांचा अपमान केला, पोरीचं काही झालं तर पाहा. बाई नुसती "हो... हो" करत होती. मी हात पुढे केला. तिनं फोन दिला.

"मी शिक्षिका आहे," मी म्हटलं. "तुमच्या पोरीचा हात वाचवाले घेऊन जाऊन राह्यली. तुमाले भांडायचं आहे त वर्ध्याच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये या. मी तिथंच आहे."

आणि फोन बंद केला.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईनं मुलीचं मनगट चाचपलं, नाडी शोधली आणि लगेच धावपळ सुरू झाली. एक्स-रेत दंडाचं हाड कोपराच्या अगदी वर मोडलेलं होतं. लहान मुलांत हे फार होतं, ती म्हणाली. तिथूनच हाताकडे जाणारी रक्तवाहिनी जाते. सूज चढलेली असताना वरून घट्ट आवळलं की रक्त अडतं, मांस मरतं, आणि बोटं आकड्यासारखी वाकून कायमची तशीच राहतात. हे सगळं ती मला सांगत होती.

"मला नाही," मी म्हटलं. "या आई आहेत. यांना सांगा."

डॉक्टरीणबाईनं मान वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून, सोप्या शब्दांत, त्या बाईला सांगितलं. बाईनं सगळं ऐकून विचारलं, "हात राह्यन ना?"

"राहील असं वाटतं. नाडी परत लागायला लागली आहे. हाड बसवून दोन तारा घालतो."

संध्याकाळपर्यंत मुलीला वॉर्डात आणलं. बोटं अजून सुजलेली होती, पण गुलाबी होती आणि ती हलवत होती. तिचा बाप आला. रागानं आला होता. बोटं पाहून पलंगाच्या कडेला बसला. त्यानं माझे आभार मानले नाहीत, आणि मला ते नकोही होते. मी निघताना बाई मात्र दारापर्यंत आली.

"तुमी काऊन एवढ्या चिडल्या होत्या बाई?" तिनं विचारलं. "मी भ्याली होती तुमाले."

मी म्हटलं, "तारा काढल्यावर तेल नका लावू. कोनी सांगो. तिचं तिले हलवू द्या."

घरी नवरा दारात उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं? तो ऐकत गेला. गार बोटांचं सांगितलं तेव्हा तो खाली बसला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी तुले सांगतलं असतं, त..."

"त माझा हात असा नसता," मी म्हटलं. वाक्य मी पूर्ण केलं, कारण तो करणार नव्हता.

त्यानंतर दोनच आठवड्यांत तो नाचणगावला जाऊन आला. बहिणीशी काय बोलला ते मला माहीत नाही. ती पुढे बरेच दिवस आमच्याकडे आली नाही. आली तेव्हा बुवांचं नाव काढलं नाही. "चुकलं" असंही म्हणाली नाही.

माझं ऑपरेशन पुढच्या पोळ्यानंतर झालं. आदल्या दिवशी सर्जन आमच्या खोलीत आले आणि सवयीनं नवऱ्याकडे वळून बोलायला लागले. मी काही म्हणायच्या आत नवरा उठला. "तिच्याशी बोला साहेब," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी सर्जनना भरपूर प्रश्न विचारले. किती वाकेल? नसेला धोका किती? नको असलेलं हाड पुन्हा येऊ नये म्हणून गोळी कोणती, किती दिवस? त्यांनी घड्याळ पाहिलं, तरी मी विचारत राहिले. शेवटी ते स्टूल ओढून बसले.

ऑपरेशननंतरचे व्यायाम त्या मालिशीइतके नाही, पण बऱ्यापैकी दुखले. फरक एवढाच की कुठे थांबायचं ते मी ठरवत होते. थंडी सुरू झाली त्या सुमारास एका सकाळी हात तोंडाला लागला. मान जरा खाली घ्यावी लागली. मी स्वयंपाकघरात उभी होते, वाटीत आदल्या दिवशीचं गार वरण होतं. बोट बुडवून चाटलं. नवरा दारातून पाहत होता आणि त्याचे डोळे भरले. मला त्याच्याबरोबर रडता आलं असतं. मला ते करायचं नव्हतं.

हात आजही पूर्ण सरळ होत नाही. पाठीवरची हुकं लागत नाहीत. करंगळी थंडीत बधिर होते. केस मी वाढवलेच नाहीत, आता मला ते असेच आवडतात. शाळेतल्या मशीनखाली ट्रे आला. तो भरून वाहतो, तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहते, आणि शिपाई येऊन तो रिकामा करेपर्यंत हलत नाही. स्टाफरूममध्ये म्हणतात, मॅडम फार चिडक्या झाल्या. परवा नणंद म्हणाली, "झालं ना आता चांगलं? किती दिवस राग ठेवशीन?"

मी चहाचा कप उजव्या हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. नवराच मधे बोलला. "राहू दे ताई," तो म्हणाला, "तिले जेवढे दिवस ठेवायचा तेवढे ठेवन." मी चहा संपवला आणि पोरांचे पेपर तपासायला उठले.